सोनवणेकाका आणि ताजा ब्रेड

सकाळी बेल वाजली की माझ्या तोंडचं पाणी पळतं. दारात सोनवणेकाका असतात आणि त्यांचा प्रश्न ठरलेला असतो.

"जय भीम, ताई. नाक चालू हाय ना?"

नाक चालू असेल तर हातातलं काम टाकून शेजारी त्यांच्या फ्लॅटमध्ये जायचं, थेट ओट्यापाशी, आणि त्यांनी घरी भाजलेल्या ब्रेडचा वास घ्यायचा. "इथेच आणा ना दारात," असं मी एकदा म्हणून पाहिलं. "वास जागेवरच घ्यायचा असतो," असं उत्तर मिळालं. मला सर्दी असली तर ते माझ्या नवऱ्याला झोपेतून उठवतात. त्यालाही सर्दी असली की काकांचा चेहरा पडतो आणि ते वरच्या मजल्यावर नाक शोधायला जातात.

काका परभणीकडचे. सरकारी कचेरीत कारकुनी करून निवृत्त झाले आणि काकू गेल्यापासून उलव्याच्या आमच्या सोसायटीत एकटेच राहतात. ब्रेड ते मोबाइलवर बघून शिकले. करतात उत्तम, मी खोटं कशाला बोलू? पण केलेला ब्रेड टिकवायच्या काळजीने माणूस अर्धा झाला आहे. आमचं उलवे पडलं खाडीकाठी. इथे तळलेला पापड ताटात येईपर्यंत सादळतो. काकांना तर प्रत्येक कोपऱ्यात बुरशी दबा धरून बसलेली दिसते. "आधी येती, दिसती मागून. रिस्क नको," असं ते भूतबाधेबद्दल बोलावं तशा दबक्या आवाजात सांगतात.

म्हणून नियम. गरम ब्रेडला सुरी लावायची नाही. पूर्ण गार झाल्याशिवाय गुंडाळायचा नाही, नाहीतर आतल्या वाफेने त्याला घाम सुटतो. सुती फडक्यात ठेवायचा, कापलेली बाजू लाकडी पाटावर उपडी. लवकर संपणार नसेल तर काप करून फ्रीझरमध्ये, आणि लागेल तेवढेच बाहेर काढून तव्यावर गरम करायचे. पण फ्रीजच्या खालच्या कप्प्यात? नाव काढायचं नाही.

"फ्रीजात ब्रेडचा दगड होतो, ताई. मंग खायचं काय त्याच्यात?"

अर्धा ब्रेड ते शेजाऱ्यांना वाटतात आणि दुसऱ्या दिवशी तपासणीला येतात. एकदा मी आळसाने तो पिशवीसकट फ्रीजमध्ये कोंबला होता. काकांच्या चपलांचा आवाज आला तशी धावत जाऊन काढला, फडक्यात गुंडाळला आणि साळसूदपणे पाटावर उपडा ठेवला. काकांनी बोटाने दाबून बघितला. "थंड हाय," एवढंच म्हणाले. कॉपी करताना पकडलेल्या पोरीसारखी मी मान खाली घालून उभी राहिले.

या माणसाच्या भीतीला मी हसायचे. मागच्या आठवड्यापर्यंत.

त्या सकाळी नेहमीसारखी बेल वाजली. मी कुरकुरत त्यांच्या दारात पाऊल टाकलं आणि पायाखालची जमीन सरकली. घरभर गॅस कोंडला होता. दूध उतू जाऊन शेगडी विझलेली, बटण चालूच. आणि काका शांतपणे ब्रेड उचलून माझ्या नाकाशी धरत होते.

"सांगा बरं, आंबूस येतो का? थांबा, अंधार हाय, लाइट लावतो."

"हात लावू नका!" मी इतक्या जोरात किंचाळले की ब्रेड खाली पडला. मी बटण बंद केलं, रेग्युलेटर काढला, खिडक्या उघडल्या आणि काकांना दंडाला धरून बाहेर ओढलं.

"गॅस होता का?" काकांनी खालच्या आवाजात विचारलं.

"तुम्हाला वास नाही आला?"

त्यांनी नकारार्थी मान हलवली. गेल्या वर्षी ताप आला, त्यात नाक गेलं ते गेलंच. डॉक्टर म्हणाले, येईल किंवा नाही येणार.

"ब्रेड तर निमित्त हाय, ताई. ह्या भिंतीपलीकडं तुमची पोरगी झोपती. म्हणून गॅस वापरला की पयलं तुमालाच ओट्यापाशी बोलावतो."

मला रडू यायला हवं होतं. आला तो संताप. "मग सरळ सांगायचं ना! काही झालं असतं म्हणजे?"

"सांगितलं असतं तर तुमी पोराला फोन केला असता. तो मला पुण्याला नेणार. तो अन् सून दिवसभर कामाला. तिथं कुणाचं दार वाजवू मी?"

गॅसपेक्षा ते याला जास्त घाबरले होते. पण भिंतीपलीकडे माझी मुलगी झोपली होती, आणि मी मन घट्ट केलं. म्हटलं, आजपासून गॅस बंद, विजेची शेगडी आणू. आणि मुलाला फोन तुम्हीच करायचा, आत्ता, माझ्यासमोर.

त्यांनी लावला. आधी हवापाण्याचं बोलले, मग नातवाची चौकशी केली. माझ्याकडे बघितलं. मी हलले नाही. मग त्यांनी एका दमात सगळं सांगून टाकलं.

मुलगा इतका गडबडून गेला की फोनमधला त्याचा आवाज मलाही ऐकू येत होता. "बाबा, वास नाही म्हणजे चवपण नाही? मग एवढा ब्रेड करता, तो लागतो कसा तुम्हाला?"

काकांनी फोन या कानाचा त्या कानाला घेतला.

"काहीच लागत नाही रे. मऊ हाय का कडक, तेवढंच कळतं."

मग मुलगा म्हणाला, "शनिवारी येतो मी."

न्यायला की नुसता भेटायला, हे विचारायचा काकांना धीर झाला नाही. मलाही झाला नाही.