जर्मन बाई आणि कोळंबी

घरात नवीन वस्तू आली की तिच्याबरोबरची पुस्तिका मी न उघडता खोक्यात परत ठेवतो आणि वस्तू बसवून दाखवतो. आमच्या नाचणे रोडच्या फ्लॅटमधले पंखे, नळ, पाण्याचा फिल्टर, सगळं मीच बसवलेलं आहे. फिल्टरमधलं पाणी सुरुवातीला उलट्या बाजूने जात होतं हे खरं, पण जात होतं ना? तेवढ्याशा गोष्टीसाठी माणूस बोलावणाऱ्यांतला मी नव्हे.

माझा धाकटा भाऊ गौरव मालवाहू जहाजावर इंजिन खात्यात आहे. गेल्या सुट्टीत तो आला तेव्हा जर्मनीतल्या कुठल्याशा बंदरातून एक पांढरी गोल डबी घेऊन आला. धूर किंवा विषारी गॅस झाला की ही बोंबलते, म्हणाला. जहाजावर अशा जागोजागी असतात म्हणे. "दादा, पुस्तिका वाचून बसव हां," एवढं सांगून तो पुन्हा जहाजावर गेला.

माझी बायको तेजस्वी शाळेत विज्ञान शिकवते. तिने विचारलं, कुठला गॅस? मी म्हटलं, गॅस म्हणजे गॅस. आपल्याकडे गॅस कुठे असतो? स्वयंपाकघरात. झालं तर मग. ती वह्या तपासत होती म्हणून पुढे बोलली नाही, आणि मी ती डबी बरोब्बर शेगडीच्या डोक्यावर ठोकली. छताचा एक पोपडा आमटीत पडला, पण डबी पक्की बसली.

दुसऱ्या दिवशी आईने बांगडे तळायला घेतले.

पहिला बांगडा तव्यावर पडला आणि डबीने जी किंकाळी फोडली, तिच्यापुढे बंदरावरचा भोंगा म्हणजे अंगाईच. किंकाळी थांबली आणि आतून एक बाई खणखणीत आवाजात बोलली, "आख्टुंग, फॉयर." परत किंकाळी, परत बाई. आई हातात उलथणं घेऊन छताकडे बघत राहिली. भीती वगैरे तिला वाटली नव्हती. ती चक्रावली होती ती वेगळ्याच कारणाने.

"विनीत, ही मला आक्का कशी काय म्हणत्ये?"

आमच्या आईचं नाव काशी. तिचं माहेर हेदवीचं, आणि माहेरची धाकटी भावंडं तिला आक्का म्हणतात. सासरी हे नाव कोणाला माहीत नाही. जर्मन बाईला ते कोणी सांगितलं हा प्रश्न तिला दिवसभर पुरला. मी तिला समजावलं की ते आक्का नव्हे, आणि फॉयर म्हणजे फायर. जर्मन म्हणजे काय, घशात काटा अडकल्यावर बोललेलं इंग्रजीच. आईला पटलं नाही. तेव्हापासून डबीचं नाव घरात "बाई" पडलं.

बाई रोज बोलू लागली. फोडणीला बोले, पापड भाजताना बोले, देवापुढे धूप लावला तरी बोले. आई तिला उत्तरं देऊ लागली. "हो गो, झालंच, उतरवत्ये," असं म्हणून ती कढई खाली घेई. हळूहळू तिला बाईचा उपयोगही वाटायला लागला. बाई ओरडली की लसूण लाल झाली असं समजावं.

आमच्या खालच्या मजल्यावर लवूकाका आणि जनीकाकू राहतात. लवूकाका एसटीतून ड्रायव्हर म्हणून निवृत्त झाले. जनीकाकू कशातूनच निवृत्त झालेल्या नाहीत. रोज जेवणाच्या वेळी वरून बाईमाणसाचा परका आवाज येतो, त्या आवाजाला आमची आई "हो गो" म्हणते, आणि हे सगळं गौरव सुट्टीवर येऊन गेल्यापासून, एवढ्यावर काकूंनी हिशेब मांडला. एके दिवशी त्या खण-नारळ घेऊन दारात उभ्या राहिल्या आणि आईला हळूच म्हणाल्या, "वैनी, झालं ते झालं. आता निदान तोंड तरी बघू दे सुनेचं."

आईने त्यांना स्वयंपाकघरात नेऊन छतावरची डबी दाखवली. काकूंनी डबी बघितली, मग माळ्यावर बघितलं, मग बाल्कनीत डोकावल्या. खण-नारळ ठेवून न जाता परत घेऊन गेल्या. त्यावरूनच मी समजायला हवं होतं.

आता यात गंमत वाटेल, पण गौरवचं लग्न केळशीच्या राहीशी जवळजवळ ठरलं होतं. राही तिकडे बँकेत आहे, मुलगी आम्हा सगळ्यांना पसंत, गौरव तर फोनवर दुसरं बोलतच नव्हता. पुढच्या सुट्टीत साखरपुडा करायचा होता. आणि जनीकाकूंची भाची दिली आहे नेमकी केळशीत. चारच दिवस गेले असतील, राहीचे वडील बाबूराव यांचा फोन आला. फार अदबीने बोलणारा माणूस. त्यांनी हवापाणी विचारलं, आंब्याचा मोहोर विचारला, आणि मग म्हणाले की रविवारी सकाळी आम्ही सहज येतो. त्यांच्या त्या "सहज"मधला कोरडेपणा मला फोनमधूनही लागला.

तेजस्वीने मला समोर बसवून सांगितलं की आधी ती बाई स्वयंपाकघरातून हलव. पाहुण्यांसमोर पोहे करायचे आहेत. मला हे पटलं. मी डबी काढली आणि आतल्या बोळात, न्हाणीघराच्या दाराबाहेर लावली. तिथे ना फोडणी ना धूप. बाई आता जन्मात तोंड उघडणार नाही असं मी जाहीर केलं.

दुसऱ्या सकाळी सातच्या सुमाराला तिने तोंड उघडलं. लवूकाका आवारात पातेरा जाळत होते. वाळक्या पानांचा तो धूर सरळ वर चढून आमच्या न्हाणीघराच्या काचपट्ट्यांच्या खिडकीतून आत, आणि तिथून बोळात. काकांना काही सांगायची सोय नव्हती. जनीकाकूंमुळे बोलणं जेमतेम होतं. म्हणून शनिवारी तेजस्वी शाळेत गेल्यावर मी टीव्हीच्या खोक्यातला थर्माकोल कापला, खिडकीत घट्ट बसवला आणि चारी बाजूंनी चिकटपट्टी मारली. काय सुरेख बसला होता तो! मुंगीला आत यायला वाट नव्हती. बाई गप्प झाली. रात्री मी शांत झोपलो.

रविवारी बाबूराव आणि राही ठरल्यापेक्षा लवकर आले. आई तेव्हा नुकती न्हाणीघरात शिरली होती. पाहुणे यायचे म्हणून तिने शिकेकाईने न्हायचं ठरवलं होतं, आणि शिकेकाई म्हणजे तास कुठेच गेला नाही. आतला गॅसचा गिझर भुरभुर चालू होता. तेजस्वी स्वयंपाकघरात, मी पाहुण्यांसमोर. बाबूराव खुर्चीच्या कडेवर बसले होते आणि बोलता बोलता त्यांची नजर प्रत्येक बंद दाराशी जाऊन परत येत होती. राही मात्र थेट माझ्याकडे बघत होती. शेवटी तिनेच विषय काढला. म्हणाली, गौरवशी मी बोलले आहे, तो म्हणतो ते यंत्र आहे. तुम्ही ते बाबांना एकदा दाखवा म्हणजे झालं.

मी खूश होऊन उठणार, एवढ्यात आतून किंकाळी आली. मागोमाग बाईचा आवाज.

बाबूरावही उठले. मी म्हटलं, हेच ते यंत्र. ते म्हणाले, यंत्र का? आणि त्याच क्षणी न्हाणीघरातून आमच्या आईचा आवाज आला, "विनीत, त्या बाईला जरा गप्प कर रे, डोकं उठलं माझं!"

बाबूरावांनी माझ्याकडे असं बघितलं की मला माझंच खरं वाटेना. राहीनेही बघितलं. मी घाईघाईने बोळात गेलो. धूर कुठेच नव्हता. खाली पातेरा पेटलेला नव्हता, थर्माकोल जागच्या जागी होता. म्हणजे बॅटरी गेली, दुसरं काय असणार. डबी काढून मी बाल्कनीत नेली. बाई दोनदा ओरडली आणि गप्प झाली. बोळात आणली, ओरडायला लागली. परत बाल्कनीत नेली, गप्प. मी हातात डबी घेऊन दिवाणखान्यातून इकडून तिकडे जात होतो आणि बाबूराव मान वळवून वळवून माझ्याबरोबर येत-जात होते. मला एवढंच कळलं की बाईला आमचं घर आवडत नाही, आणि तेही नेमकं आजच. का, ते कळेना.

तेवढ्यात न्हाणीघराची कडी निघाली. आई कशीबशी लुगडं गुंडाळून, डोक्यात अर्धी शिकेकाई तशीच घेऊन, भिंतीला धरत बाहेर आली. तिला पाहुण्यांचंही भान नव्हतं. ती सरळ माझ्या हातातल्या डबीशी बोलायला आली होती.

"आज ही वेगळंच बोलत्ये," ती म्हणाली. "रोज फोय-फोय करत्ये. आज कोळंबी म्हणत्ये. अगो, घरात कोळंबी नाही, मी आणलीच नाही, तर तू कुठली कोळंबी मागत्येस?"

मी ऐकलं. खरंच की. "आख्टुंग," बाई म्हणाली, आणि पुढे फॉयर नव्हतंच. लांबलचक काहीतरी होतं, "कोलनमोनोक्सीड." इतका वेळ माझ्या कानाशी ओरडत होती, पण मी तिचं काही ऐकलं नव्हतं. बाबूराव म्हणाले, कोळंबीच म्हणतेय. राही म्हणाली, कोळंबी नाही वाटत. मी आपला जर्मनमध्ये कोळंबीला काय म्हणत असतील याचा विचार करत होतो.

तेजस्वी चहाचा ट्रे घेऊन बाहेर आली आणि दारातच थांबली. तिने एकदा ऐकलं. मग ट्रे जमिनीवर ठेवला.

"मोनोक्साइड," ती म्हणाली. "कार्बन मोनोक्साइड. आईंना बाहेर काढा. आधी बाहेर काढा."

त्याच वेळी आईचे गुडघे वाकले. राही माझ्याआधी पोचली. तिने आईला एका बाजूने धरलं, मी दुसऱ्या बाजूने, आणि आम्ही तिला जिन्याने खाली अंगणात नेलं. तेजस्वीने सिलिंडर बंद केला, सगळी दारं-खिडक्या उघडल्या आणि तीही खाली आली. आईला आम्ही पायरीवर टेकवून बसवलं. ती डोळे मिटून म्हणत होती की डोकं दगडासारखं झालंय आणि सगळं फिरतंय. इतक्या वर्षांत तिला मी असं गलितगात्र कधी पाहिलं नव्हतं. मला काही म्हणजे काही सुचत नव्हतं. जनीकाकू धावत आल्या आणि काही न विचारता आईचं डोकं मांडीवर घेऊन बसल्या. लवूकाका चौकातून रिक्षा घेऊन आले. ड्रायव्हरच्या शेजारी बसून सबंध वाट ते त्याला गिअर कधी बदलायचा ते सांगत होते.

दवाखान्यात आईला ऑक्सिजन लावला. दुपारपर्यंत ती माणसात आली आणि तिने पहिली चौकशी केली ती पोह्यांची. ते पाहुण्यांना मिळाले नव्हते. राही तिच्या उशाशी बसून टॉवेलने तिच्या केसांतली शिकेकाई पुसत होती. आईने तिचा हात धरून ठेवला होता, तो काही सोडला नाही.

बाबूराव बाहेर बाकावर माझ्याजवळ बसले. डबी अजून माझ्याच हातात होती. घाबरून मी ती सोबतच आणली होती. त्यांनी ती मागून घेतली, उलटसुलट करून बघितली आणि खात्रीसाठी मधलं बटण दाबलं. सगळ्या खोल्यांमधून माणसं बाहेर आली. नर्सने आम्हाला दोघांना जे सुनावलं, त्यातून आमच्यात एकदम जवळीक निर्माण झाली. बाबूरावांचा संशय कायमचा फिटला. ते आत गेले, आईची तब्येत विचारली आणि मग जरा खाकरून म्हणाले की लग्नाला आमची हरकत नाही, फक्त एकच विचारायचं आहे. धाकटा मुलगा मोठ्यावर गेलेला नाही ना?

"नाही हो," आई म्हणाली. "तो वाचून करतो."

मी हे ऐकलं नाही असं दाखवलं. इतक्यात डॉक्टर आले. त्यांनी आईला तपासलं आणि म्हणाले, आजी, थोडक्यात वाचलात, या गॅसला ना वास ना रंग. आपल्याकडे घरात असा अलार्म कोणी लावत नाही, तुमच्या घरात कोणाला सुचलं हे? सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी शर्ट सारखा केला आणि मीच बसवला म्हणून सांगितलं. डॉक्टरांनी माझ्याशी हस्तांदोलन केलं.

मग ते म्हणाले, "पण मला एक कळत नाही. न्हाणीघराला खिडकी असेल ना? गॅस बाहेर का गेला नाही?"

तेजस्वीने माझ्याकडे बघितलं. बाबूराव, राही आणि उशीवरून आईसुद्धा. मी म्हटलं, एक मिनिट हं, खाली गाडी नीट लावली आहे की नाही ते जरा बघून येतो.

आम्ही रिक्षाने आलो होतो.