आपली अक्कल बांधापुरती

किसनअण्णांची दाढ दुखत होती आणि देव ती काढू देत नव्हता. सव्वा महिना हा माणूस गालाला फडकं बांधून अवसरी बुद्रुकच्या बाजारातून हिंडत होता. मी म्हटलं, "अण्णा, मंचरला जाऊन उपटून टाका की." तर म्हणाले, "इचारलं भैरवनाथाला. नको म्हणतोय." पुढे डॉक्टरला नुसतं दाखवायला जायचा होकार मिळाला, तेव्हा गेले. डॉक्टरांनी तपासून सांगितलं, किडलेली दाढ शेजारची आहे, तुम्ही म्हणता ती चांगली आहे. घरी आल्यावर अण्णांनी माझ्याकडे असं पाहिलं, की पुढचे चार दिवस मी त्यांच्या समोर उभा राहिलो नाही.

माझं पाण्याच्या जळालेल्या मोटारी नवी तार गुंडाळून भरायचं दुकान आहे. अण्णांचं घर भिंतीला भिंत लागून. शेवंती, मिरची, एक म्हैस. बायको गेली त्याला नऊ वर्षं झाली, मुलगी नाशिकला दिलेली. तर हे अण्णा प्रत्येक गोष्ट भैरवनाथाला विचारायचे. मिरची कधी लावू, म्हैस विकू का, मुलीकडे जाऊ का. देवाच्या दोन खांद्यांवर पाण्यानं शेवंतीची एकेक कळी चिकटवायची आणि हात जोडून बसायचं. उजवी पडली तर हो, डावी पडली तर नाही. मी कधी हसलो की म्हणायचे, "आपली अक्कल बांधापुरती, राव. त्याला सगळं शिवार दिसतं."

मी तारा जोडणारा माणूस. मोटार बंद पडली तर त्याला कारण असतंच, यावर माझं पोट चालतं. त्यामुळे आमचं कधी जमलं नाही आणि कधी तुटलंही नाही.

अण्णांना एक धाकटा भाऊ, बबन. विहीर दोघांत एक. अकरा वर्षांपूर्वी तिच्यावरची मोटार जळली आणि तू जाळलीस, तू जाळलीस यावरून दोघांचं बोलणं बंद झालं. ती मोटार मीच भरून दिली होती. जळायला कुणीच कारण नव्हतं, लाइटच कमीजास्त झाली होती. मी दोघांनाही सांगितलं. दोघांनीही ऐकलं नाही.

यंदा बबनच्या दोन्ही किडन्या गेल्या. आठवड्यातून दोनदा डायलिसिस. एके दिवशी त्याची बायको सुनंदा अण्णांच्या दारात येऊन उभी राहिली. अकरा वर्षांनी. आत आली नाही. "भावजी, डॉक्टर म्हणलेत किडनी द्यायला घरातलं माणूस पायजे. मला शुगर हाय, माझी चालत न्हाई," एवढं बोलली आणि पदर तोंडाला लावून परत गेली.

संध्याकाळी अण्णा माझ्या दुकानात येऊन बसले. मुलीचा फोन येऊन गेला होता. "बाबा, साठीला आलात. सरळ नाही म्हणा." मीही कारणं सांगितली. वय, भूल, एकटं राहणं, पुढे काही झालं तर बघणार कोण. अण्णा ऐकून घेत होते.

"माझं मन बी नको म्हणतंय, डोकं बी नको म्हणतंय," ते म्हणाले. "म्हंजे ही दोन्ही माझीच माणसं. तिसऱ्याला इचारावं लागंल."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांच्याबरोबर देवळात गेलो. का गेलो, सांगता येत नाही. अण्णांनी कळ्या लावल्या आणि मोठ्यानं म्हणाले, "नाथा, मला द्यायची न्हाई. आधीच सांगतोय. पण तू म्हणशील तसं." मग आम्ही बसलो. मी डाव्या कळीकडे असा बघत होतो, जसं काही बघून ती पडणार होती.

उजवी पडली.

गुरव भला माणूस. अण्णांचा चेहरा बघून म्हणाला, "अण्णा, पंखा चालू व्हता. बंद करतो, परत लावा."

"पंखा कुणी लावला?"

"मीच लावला."

"तुला कुणी सांगितलं लावाय?"

गुरवानं पंख्याचं बटण बंद केलं. बाहेर आल्यावर अण्णांना चपलेचा अंगठा सापडेना. मी म्हटलं, "अण्णा, एकदा परत विचारायला काय जातं?" तर म्हणाले, "मनासारखं येईस्तोवर इचारलं तर तो देव कसला? ते आपलंच मन."

पुढचे दोन महिने तपासण्या. अण्णांची एकच आशा, एखाद्या टेस्टमध्ये नापास व्हावं. देवाचा शब्दही मोडला नाही आणि पोटही फाडलं नाही! प्रत्येक रिपोर्टला ते मला विचारायचे, "खराब हाय का?" आणि मी "उत्तम" म्हटलं की त्यांचं तोंड उतरायचं. जेवण निम्म्यावर आलं. म्हशीला कोणती पेंड लागते, तिच्या कुठल्या बाजूला बसून धार काढायची, हे त्यांनी मला तीनतीनदा शिकवलं.

मग पुण्यात कमिटीसमोर जायचं होतं. देणारा राजीखुशीनं देतोय ना, ते विचारतात. मी, सुनंदा, सगळे बसलेलो. साहेबांनी विचारलं, "स्वखुशीनं देताय ना?"

"खुशीनं न्हाई," अण्णा म्हणाले.

सुनंदानं माझं मनगट धरलं. साहेबांनी पेन खाली ठेवलं. "कुणी बळजबरी केली?"

"न्हाई साहेब. देवानं सांगितलंय."

"भीती वाटते?"

"लई."

"आत्ता नाही म्हटलंत तरी चालेल. कुणी काही म्हणणार नाही. मग का देताय?"

अण्णा म्हणाले, "मला कळत न्हाई म्हणून. रागात हाय मी बबनवर, मला काय कळणार? ज्याला राग न्हाई, त्यानं सांगितलंय."

साहेबांनी आम्हाला बाहेर पाठवलं आणि अण्णांशी एकट्याशी बोलले. अर्धा तास. मग सही झाली.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी चहाच्या वेळेला आम्ही दोघं दवाखान्याच्या गॅलरीत उभे होतो. अण्णा हळूच म्हणाले, "तुला वाटत असंल, म्हातारा येडा हाय. कळ्या लावतो."

मी चहाचा कप त्यांच्या हातात दिला.

"पहिलं मी देवाला कायबी इचारत नव्हतो. समदं हिला इचारायचो. ही म्हणायची तसं करायचो. ही गेली आणि सकाळी उठून बघतो, तर घरात इचारायला माणूसच न्हाई." कप त्यांच्या हातात तसाच होता. "मग गेलो नाथाकडं. पहिल्या दिवशी काय इचारलं, म्हाईत हाय? आंघोळ करू का."

मला हसू आलं नाही.

ऑपरेशनला सकाळचे पाच तास गेले. सुनंदा बाकावर पाय वर घेऊन बसली होती. दर वेळी दार उघडलं की आम्ही दोघं उठायचो आणि परत बसायचो. मी आयुष्यात पहिल्यांदा कुणाला तरी काही मागत होतो. कुणाला, ते विचारू नका. अखेर डॉक्टर बाहेर आले आणि म्हणाले, दोघंही व्यवस्थित आहेत. सुनंदानं जागेवरच खाली बसून जमिनीला डोकं टेकवलं.

चौथ्या दिवशी अण्णांना चालायला लावलं. त्यांनी सिस्टरला बबनच्या खोलीकडे न्यायला सांगितलं. तोंडाला मास्क बांधून, एक हात टाक्यांवर आणि एक माझ्या खांद्यावर ठेवून ते दारापर्यंत गेले. बबन उशीला टेकून बसला होता. त्यानं पाहिलं आणि लगेच मान खाली घातली. अण्णा खिडकीकडे बघायला लागले.

"लई दुखतंय का रं, दादा?"

"न्हाई."

"खोटं."

"थोडं."

बबननं पांघरुणाचं टोक बोटाला गुंडाळलं. "डॉक्टर म्हणले, तुझी किडनी बसवल्या बसवल्या चालू झाली. अडलीच न्हाई."

अण्णांनी माझ्या खांद्यावरचा हात काढून दाराची चौकट धरली. सिस्टर मागून म्हणाली, "आजोबा, दोनच मिनिटं सांगितली होती. चला आता."

"थोडं थांबा, बाई," अण्णा म्हणाले. "अकरा वर्सांनी आलोय."