पाण्यातला पियानो

मातुरा या शालान्त परीक्षेचे निबंध तपासता तपासता बोगुमिलाबाई एका पानावर थांबल्या आणि बराच वेळ खिडकीबाहेर फुललेल्या चेस्टनटच्या झाडाकडे बघत राहिल्या. पोराने लिहिलं होतं: पूर ओसरत नाही, आणि कादंबरीतली विधवा पहाटे कुरणात जाते, गुडघाभर पाण्यात उभा असलेला पियानो वाजवत बसते. सुंदर होतं. फक्त हे नेमलेल्या कादंबरीत आहे का, ते बाईंना आठवेना.

नसेल तर ती ‘महाचूक’. पुस्तक वाचलेलंच नाही हे सिद्ध करणारी चूक. ती सापडली की अख्ख्या निबंधाला शून्य, आणि या पोराचे बाकीचे गुण बेताचेच होते. शून्य म्हणजे नापास.

“झेनोन सर, विधवा पाण्यात पियानो वाजवते, ते आपल्याच कादंबरीत ना?”

झेनोन सरांची अर्धी नोकरी ती कादंबरी शिकवण्यात गेली होती. नाही म्हणणं शोभलं नसतं. “आहे की. धुकं असतं तेव्हा.”

“आणि बगळा,” पलीकडून लुत्सिनाबाई म्हणाल्या. “पियानोवर बसलेला. माझ्या वर्गात मुली रडतात तिथे.”

जेवणाच्या सुट्टीत काकडीचं सूप पिताना बगळ्याचे दोन बगळे झाले. दुपारी तर लुत्सिनाबाईंनी, पियानोचा उल्लेखच नाही म्हणून काही मुलांचा एकेक गुण कापलासुद्धा.

तेव्हा गोष्ट तपासनिसांच्या गटप्रमुख कलिनाबाईंच्या कानावर गेली. “पान कितवं?” त्यांनी विचारलं. कुणाला सांगता येईना. त्यांनी शाळेच्या वाचनालयातून कादंबरी आणवली आणि खिडकीशी बसून पहिल्या पानापासून वाचायला घेतली. दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी मान वर केली.

“पूर आहे, विधवा आहे. पियानो नाही. बगळे नाहीत.”

“एकही नाही?” लुत्सिनाबाईंनी विचारलं.

“म्हणजे पोराला शून्य,” बोगुमिलाबाई हळूच म्हणाल्या.

“त्याला शून्य, तर आपल्याला किती?” झेनोन सर म्हणाले.

कलिनाबाईंनी चष्मा पुसला. “महाचूक म्हणजे पुस्तक वाचलेल्या माणसाच्या हातून होऊच शकत नाही अशी चूक. इथे कादंबरी न वाचलेलं कोण आहे? हात वर करा.”

सगळ्यांना एकदम तपासायची घाई झाली.

“म्हणजे सगळ्यांनी वाचलीय, आणि तरी चूक झाली. मग ही साधी चूक. एक गुण कापा.”

पोर पास झालं. लुत्सिनाबाईंनी कापलेले गुण निमूट परत दिले.

कलिनाबाई मात्र संध्याकाळी पुराचं प्रकरण पुन्हा चाळत बसल्या होत्या.

“आता काय शोधताय, बाई?” बोगुमिलाबाईंनी विचारलं.

“इतकं पाणी आहे, आणि ही विधवा नुसती काठावर उभी राहते,” कलिनाबाई म्हणाल्या. “मी ही कादंबरी शिकवायचे तेव्हा पियानोच्या पायांना शेवाळ असायचं.”