बांबूने मोजलेला बायपास

आमच्या शेजारचे धर्मा तांडेल रस्त्यावरचे खड्डे बांबूने मोजतात. मुलांनो, तिकडे लांब बसून हसू नका. खाडीत पाणी किती आहे हे बांबू टाकून पाहतच त्यांनी जन्मभर होडी चालवली. आता होडी विकली, बांबू ठेवला. सकाळी नाक्यापर्यंत जायचं, प्रत्येक खड्ड्यात बांबू उभा करायचा आणि माझ्या फाटकाशी येऊन वर्दी द्यायची: "बाई, शाळेसमोर गुडघाभर हाय. ओहोटीलापन उतरत न्हाय!" मी निवृत्त शिक्षिका, म्हणून साऱ्या गावाची बाई.

वर्दी खरी असे ती त्यांच्या ठाण्याच्या मुलासाठी. तो फोनवर म्हणे, "बाबा, त्या रस्त्याने पोरांची हाडं खिळखिळी होतात. बायपास होऊ दे, मग येतो." तेव्हापासून बायपास हे तांडेलांच्या घरचं कार्य झालं.

भूमिपूजन तीनदा झालं. पाहुणे दर वेळी नवे, नारळ मात्र तांडेलांच्याच माडाचे. तिसऱ्यांदा त्यांनी पाहुण्यांना गाठलंच. "सायब, आमी दर्याला एक नारळ देतो, तो वरीसभर होड्या चालू देतो. तुमच्या रस्त्याला कितवा लागतो?"

नकाशावरची रेघही गावाभोवती फिरत राहिली. आधी देवळामागून गेली, मग एका वजनदार आमराईला वळसा घालून खाजणात शिरली. तांडेल म्हणाले, "तिथं भरतीचं पानी येतं. बांबू टाकून बगा." साहेबांनी संगणक दाखवला. पहिल्याच उधाणात भराव खाडीत गेला. मग रेघ पुन्हा हलली.

अखेर यंदा दिवाळीनंतर बायपास सुरू झाला. अगदी गुळगुळीत. तांडेल धुतलेला सदरा घालून, बांबूसकट, वळणावर उभे राहिले. असे चार रविवार. ठाण्याच्या गाड्या पुष्कळ आल्या आणि किनाऱ्यावरच्या रिसॉर्टांकडे गेल्या.

काल ते फाटकाशी आले. बांबू कोरडा होता.

"बाई, काम अपुरं हाय अजून. पांढरे पट्टे धड न्हाय मारलेले. मीच पोराला सांगितलं, घाई करू नको."

पट्टे मी परवाच पाहिले होते. सरळ, ठळक. चुकीचं विधान दुरुस्त केल्याशिवाय मला चैन पडत नाही, हे तुम्हाला फोनवरूनही ठाऊक आहे.

"हो ना," मी म्हटलं. "आणि दिवेही बसायचेत अजून."

"व्हय, दिवे!" त्यांचा चेहरा एकदम मोकळा झाला. "ते सांगायचं राहिलंच त्याला."

बांबू खांद्यावर टाकून ते फोन करायला घरी गेले.