बारा पळ्या मध आणि मुकी सिस्टर

“सून म्हणून लाखात एक आहे हो तुमची. पण सिस्टर म्हणून अगदी मुकी.”

एका जंगलात, मुलांनो, एका हिरव्या पडद्याच्या अलीकडे हे वाक्य बोललं गेलं. पडद्याच्या पलीकडे बसून जी बँडेजच्या गुंडाळ्या करत होती, तिच्याबद्दलच ते होतं.

तिचं नाव साळू. सायाळांच्या घरची नवी सून. लग्नाला दोनच महिने झाले होते. काट्यांच्या टोकांवरची हळद अजून पुरती गेली नव्हती.

बोलत होत्या दवाखान्याच्या मेट्रन टिटवीबाई. ऐकत होत्या साळूच्या सासूबाई. त्या रक्तदाब मोजायला आल्या होत्या, म्हणजे खरं तर सुनेची चौकशी करायला आल्या होत्या. दोघींच्या मागे भिंतीवर परिचर्येची पाच मूल्यं रंगवलेली होती. करुणा, सन्मान, सचोटी, सेवा आणि गोपनीयता. टिटवीबाई नेमक्या गोपनीयतेला टेकून उभ्या होत्या.

“मग पुढच्या कोर्सला पाठवायची नाही म्हणता?” सासूबाईंनी विचारलं.

“पाठवा की. पण माझं शिफारसपत्र लागतं. त्यात संवादकौशल्य असा रकाना असतो. तिथे मी काय लिहू? पेशंटजवळ जाते, बसते, बघत राहते. पेशंटला वाटतं, आपलं काही खरं नाही.”

“घरीही तसंच आहे,” सासूबाई म्हणाल्या. “मी तासभर बोलते. ही हो म्हणते.”

“तेच तर. आज दुपारी बगळेसर प्रात्यक्षिक परीक्षा घेणार आहेत. पास झाली तर पत्र. नाहीतर घरी ठेवा, तुम्हालाही सोबत होईल.”

साळूने गुंडाळी खाली ठेवली. मग उचलली आणि पूर्ण केली.

आता मुलांनो, तुम्ही विचाराल, कोर्स कसला? तर त्या जंगलात नर्स व्हायचे तीन रस्ते होते. एक दोन वर्षांचा, एक तीन वर्षांचा, एक चार वर्षांचा. तिन्ही रस्ते त्याच वॉर्डात, त्याच बेडपॅनपाशी येऊन थांबत. फक्त टोपीवरची पट्टी वेगळी. तीन वर्षंवाल्यांनी आणखी दोन वर्षं केली की त्यांना चार वर्षंवाल्यांची पट्टी मिळे. तीन अधिक दोन बरोबर चार. जंगलात हे गणित सगळ्यांना पटलं होतं.

साळूची तीन वर्षं झाली होती. उरलेली दोन तिला फार हवी होती. ही गोष्ट तिने फक्त नवऱ्याला सांगितली होती, तीही एकदाच, आणि तो कंदमुळं खणत होता.

बगळेसर हे नर्सिंग कॉलेजचे प्राचार्य. संवादकौशल्य शिकवत. एका पायावर उभे राहून, डोळे मिटून शिकवत. गेल्या वीस वर्षांत ते कुठल्याही पेशंटशी बोललेले नव्हते, त्यामुळे विषयाकडे तटस्थपणे बघू शकत. त्यांनी संवादाच्या सात पायऱ्या काढल्या होत्या. नमस्कार, स्वतःचं नाव, स्मित, विचारपूस, सूचना, धीर, आभार. प्रत्येक पायरीला गुण होते. स्मिताला सर्वांत जास्त.

सातही पायऱ्या झाल्या की एक फॉर्म भरायचा. त्यावर छापलेलं होतं, ‘मला सर्व समजले.’ पेशंटने खाली पंजा उमटवायचा. मेट्रनने सही करायची.

आणि जंगलात पंजा न उमटवणारा पेशंट कधी निघालाच नाही. कारण तिथली रीतच तशी. पांढऱ्या टोपीने “समजलं का?” विचारलं की “हो” म्हणायचं. समजलं नाही म्हटलं तर समोरच्याला वाईट वाटतं. शिवाय तो पुन्हा पहिल्यापासून सांगतो.

दुपारी परीक्षा लागली. पेशंट होते अस्वलआजोबा.

अस्वलआजोबांना साखरेचा आजार होता. पायाच्या बोटाला जखम झाली होती आणि ती काही केल्या भरत नव्हती. तिसऱ्यांदा भरती झाले होते. डॉक्टर कासव राउंडला सोमवारी निघत आणि गुरुवारी पोचत. मागच्या गुरुवारी ते म्हणाले होते, “पुढच्या वेळेपर्यंत फरक पडला नाही तर बोट काढावं लागेल.” डॉक्टर निघाल्याची बातमी आली होती.

बगळेसर कॉटच्या एका बाजूला उभे राहिले. टिटवीबाई दुसऱ्या बाजूला. सासूबाईंना परीक्षेत बसता येत नव्हतं, म्हणून त्या पडद्याच्या पलीकडे बसल्या.

“सुरू करा, सिस्टर,” सर म्हणाले.

साळूने नमस्कार केला. मग ती नाव सांगायला विसरली. आजोबांचा पाय उशीवर नीट ठेवला. पट्टी सोडून जखम बघितली. स्टूल ओढलं आणि बसली.

काही बोलली नाही.

बगळेसरांनी कागदावर एक शून्य काढलं. थोडा वेळ गेला. दुसरं काढलं. टिटवीबाईंना तर राहवेना. त्या झोपतानासुद्धा आभाळ पडेल म्हणून पाय वर करून झोपणाऱ्या. शांतता पसरली की त्यांना कुणीतरी आजारी पडल्यासारखं वाटे.

आजोबांनाही ती शांतता जड झाली. त्यांनी छत बघितलं, खिडकी बघितली, शेवटी साळूकडे बघितलं.

“मध सोडलाय मी,” ते म्हणाले. “आधीच सांगतो.”

साळूने मान हलवली.

“सगळ्या सिस्टर सांगून गेल्या. मध बंद, गोळी सुरू. पोळ्याखालून जातो ना मी, तर वर बघतसुद्धा नाही.”

“अवघड असेल,” साळू म्हणाली.

“तर काय. पण शब्द म्हणजे शब्द.”

“आणि गोळी?”

“तीही घेतो. दिवसातून तीनदा. चुकवत नाही.”

“कशी घेता ते दाखवाल मला?”

आजोबांना आनंद झाला. इतक्या दिवसांत त्यांना कुणी काही दाखवायला सांगितलंच नव्हतं. त्यांनी उशीखालून खल काढला. त्यात गोळी टाकून घोटली. मग कॉटखाली हात घातला आणि एक बुधला वर काढला. त्यातून पळीने काहीतरी घट्ट, सोनेरी ओतलं. एक पळी. दोन. तीन. चार.

“हे काय, आजोबा?”

“अनुपान.”

“म्हणजे?”

“अगं पोरी, एवढी शिकलीस आणि अनुपान माहीत नाही? औषध नुसतं खातात का? मधात कालवून चाटायचं. माझ्या आजीपासून आमच्याकडे असंच. गोळी कडू आहे म्हणून चार पळ्या, नाहीतर दोनच घेतल्या असत्या.”

“म्हणजे मधच हा.”

“छे. मध वेगळा. मध मी सोडलाय. हा औषधाचा आहे.” आणि त्यांनी पळी चाटली.

साळू हसली नाही. तिला हसू आलं होतं, पण आजोबा इतके मनापासून सांगत होते.

“आजोबा, पोटात गेल्यावर दोन्ही मध एकाच ठिकाणी जातात,” ती म्हणाली. “गोळी पाण्याबरोबर घ्यायची. कडू लागेल. मी सांगितलं ते आता तुम्ही मला सांगा बरं, तुमच्या शब्दांत.”

आजोबांनी पळी खाली ठेवली. बराच वेळ बुधल्याकडे बघितलं.

“अनुपान बंद,” ते हळूच म्हणाले. “पाण्याबरोबर. म्हणजे ही जखम मीच भरू देत नव्हतो की काय?”

“तुम्हाला कुणी विचारलं नव्हतं,” साळू म्हणाली, आणि बुधला उचलून खिडकीत ठेवला.

परीक्षा संपली. बगळेसरांनी बेरीज केली आणि डोळे उघडले.

“वीसपैकी दोन. नमस्काराचे. स्मित शून्य, परिचय शून्य, आभार शून्य. शिवाय रुग्णाचं बोलणं प्रमाणाबाहेर झालं. संवाद नर्सने करायचा असतो, सिस्टर. आधी बोलायला शिका, मग पुढच्या कोर्सचं बघू. समजलं का?”

साळूने तोंड उघडलं. आयुष्यभर या प्रश्नाला तिने जे उत्तर दिलं होतं, ते जिभेवर तयार होतं. ते तिने गिळलं.

“सर,” ती म्हणाली, “आजोबा दिवसाला किती पळ्या मध खात होते?”

सरांनी कागद बघितला. त्यात तसा रकाना नव्हता. त्यांनी टिटवीबाईंकडे बघितलं. टिटवीबाईंनी खिडकीकडे बघितलं.

“बारा,” पडद्याच्या पलीकडून आवाज आला.

सासूबाई पडदा सारून आत आल्या. “तीनदा चार, बारा. मी बाहेर बसून ऐकलं. तुम्ही दोघं आत होतात ना?”

साळूने आजोबांची फाईल उघडून टिटवीबाईंपुढे धरली. तीन फॉर्म होते. तिन्हींवर ‘मला सर्व समजले’. तिन्हींवर आजोबांचा पंजा. पंजे जरा चिकट होते, कागद एकमेकांना धरून बसले होते. आणि तिन्हींखाली टिटवीबाईंची सही.

टिटवीबाई वाईट नव्हत्या, मुलांनो. त्यांनी तिन्ही फॉर्म एकेक करून सोडवले. त्या चिकटपणावर बोट फिरवलं. मग टेबलाशी गेल्या आणि शिफारसपत्र काढलं. संवादकौशल्याच्या रकान्यापाशी त्यांचं पेन थांबलं. बगळेसर घसा खाकरून म्हणाले, “पण नियम...” सासूबाईंनी त्यांच्याकडे नुसतं बघितलं. सरांनी डोळे मिटून घेतले.

टिटवीबाईंनी रकाना भरला आणि सही केली. पत्र साळूच्या हातात देताना मात्र त्यांना राहवलं नाही.

“अगं, एवढं सगळं तुला कळत होतं, तर इतके दिवस तोंड का उघडलं नाहीस?”

सासूबाईही पुढे झुकल्या. त्यांनाही हेच विचारायचं होतं.

साळूने पत्राची घडी घातली. पडद्याकडे बघितलं, भिंतीवरच्या गोपनीयतेकडे बघितलं, आणि त्या दोघींकडे.

“बाई, आई,” ती म्हणाली, “तुमचं बोलणं संपायची वाट बघत होते.”

तात्पर्य: नर्सने पेशंटशी सतत, भरपूर आणि हसतमुखाने बोलत राहावं. ती मध्येच गप्प बसली तर पेशंट खरं सांगून टाकतो, आणि मग तीन फॉर्म पुन्हा भरावे लागतात.