उंदीर दिसला नाही

रोज पहाटे पाच वाजून पंचावन्न मिनिटांनी आमच्या दाराची बेल वाजते. दार उघडलं की समोर खैरनारकाका उभे असतात. डोक्यावर पिवळं हेल्मेट, कोपरापर्यंत काळे रबरी हातमोजे, खाली पट्ट्यापट्ट्यांचा लेंगा. हातात लॉगबुक. ते म्हणतात, "जाधव, पहिली पाळी. चार्ज घ्या." मग मी झोपेतच त्यांच्यामागून समोरच्या फ्लॅटमध्ये जातो आणि एका उंदराचा चार्ज घेतो.

मी स्वभावाने आळशी माणूस आहे. आठच्या आधी उठणाऱ्यांबद्दल मला आदर आहे, पण तो मी लांबून बाळगतो. असल्या माणसाला जेलरोडवरच्या तिसऱ्या मजल्यावर नेमका असा शेजारी मिळावा, याला नशीब म्हणायचं.

काका एकलहऱ्याच्या वीज केंद्रात कंट्रोल रूमला होते. छत्तीस वर्षं पाळ्या केल्या आणि निवृत्त होऊन घरी आले, पण कंट्रोल रूमही बरोबर घेऊन आले. त्यांच्या घरात मिक्सर बिघडत नाही, ट्रिप होतो. काकू माहेरी गेल्या तर ते शटडाऊन. एकदा त्यांच्याकडे जेवायला बसलो होतो, तर आमटी वाढताना म्हणाले, "लोड घ्या थोडा."

त्यांचं आवडतं वाक्य एकच. "लाइन जिवंत समजायची." कुणी शपथेवर सांगितलं की वीज बंद आहे, तरी लाइन जिवंत समजायची. घरातला बल्ब बदलायचा झाला तरी ते आधी मेन स्विच पाडतात आणि त्यावर लाल कापडी पाटी लटकवतात : 'माणसे काम करीत आहेत. चालू करू नये.' माणसे म्हणजे स्टुलावर चढलेले ते एकटे.

तर उंदीर. गेल्या आषाढात देवळ्याहून, काकांच्या गावाहून, बाजरीचं पोतं आलं आणि त्यातून तो आला. काकूंना तो गॅसच्या ओट्यावर दिसला. काकू तशा खंबीर बाई, पण उंदीर पाहिला की त्या पलंगावर चढतात. तीन दिवस त्यांनी पलंगावरूनच संसार केला. चौथ्या दिवशी पुण्याहून लेकीचा, सोनलचा, फोन आला की बाळंतपणाची रजा संपत आली, बाळाला पाळणाघरात ठेवायला जीव होत नाही, पंधरा दिवस येतेस का. काकूंनी बॅग भरली आणि दारात उभं राहून काकांना बजावलं, "तो उंदीर गेला की कळवा. त्याच दिवशी गाडीत बसते. पण तो असेपर्यंत मी या घरात पाऊल टाकणार नाही."

काकांनी हे लॉगबुकात लिहून घेतलं.

साधा पिंजरा आणला असता तर प्रकरण आठवड्यात मिटलं असतं. पण छत्तीस वर्षं वीज केलेला माणूस लाकडी पिंजऱ्यावर कसा भागवेल? त्यांनी इलेक्ट्रॉनिक सापळा मागवला. बुटाच्या खोक्याएवढा काळा डबा. एका टोकाला दार, दुसऱ्या टोकाला खाऊ ठेवायची जागा, मध्ये पत्र्याच्या दोन पट्ट्या. उंदराने दोन्हींवर पाय ठेवला की झटका. चालू असला की वरचा हिरवा दिवा लुकलुकतो. काका त्याला 'युनिट' म्हणू लागले.

नव्या युनिटचं उद्घाटन रीतसर झालं. हळदकुंकू, फूल, उदबत्ती. मी आणि माझी बायको वैशाली पाहुणे. नवं यंत्र म्हटलं की नारळ फोडायचा, ही एकलहऱ्याची पद्धत, आणि ती त्यांनी मोडली नाही. युनिटच्या तोंडाशीच नारळ फोडला. अर्धं पाणी आत गेलं. हिरवा दिवा दोनदा चमकला आणि विझला. काकांनी लॉगबुक उघडून लिहिलं, 'पहिली ट्रिप. कारण : नारळ.' पावसाने उघडीप दिली होती, म्हणून युनिट दोन दिवस गच्चीवर उन्हात वाळत पडलं आणि एक म्हातारा हेल्मेट घालून त्याच्याशेजारी कावळे हाकत बसला.

त्यानंतर मी अडकलो. युनिटमधला खाऊ बदलायचा तर परमिट लागतं, आणि परमिटवर दोन सह्या लागतात, देणाऱ्याची आणि घेणाऱ्याची. "एका सहीवर काम केलं की माणूस जातो भो," काका म्हणाले. म्हणून शेंगदाण्याच्या जागी खोबरं ठेवायला मी घेणारा झालो. शिवाय पाळी बदलताना समोरचा माणूस आल्याशिवाय खुर्ची सोडायची नाही हा त्यांचा नियम. मी गेलो नाही तर ते बेल वाजवून परत खुर्चीत जाऊन बसून राहायचे, अंघोळ नाही, चहा नाही. वैशाली म्हणाली, "अहो जा, म्हाताऱ्याचं पाप लागेल."

उंदीर मात्र बेरकी निघाला. त्याने खोबरं नेलं, गूळ नेला. चिवडा ठेवला तर शेंगदाणे वेचून नेले आणि पोहे ठेवून गेला. दोन्ही पट्ट्यांवर एकदम पाय ठेवायचे नाहीत हे त्याला कुणी शिकवलं कोण जाणे. काकांना त्याचा राग कमी आणि अभिमान जास्त होता. "आमच्या देवळ्याचा हे तो," म्हणायचे. ओट्याखाली वाकून त्याच्याशी गावच्या अहिराणीत बोलायचे, "कथा शे रे भो?" म्हणजे कुठे आहेस रे भाऊ. गणपतीचे दहा दिवस युनिट पूर्ण बंद. "त्या दिवसांत वाहन ड्यूटीवर असतं, त्याला हात लावता येत नाही."

रोज संध्याकाळी काकूंचा फोन यायचा. फोन स्पीकरवर असल्याने आमच्याही घरात ऐकू यायचा.

"गेला का हो?"

"नाही. प्रयत्न चालू आहेत."

"मग मी कशी येऊ?"

"नकोच येऊ."

कोजागिरीला आम्ही चांदवडला माझ्या सासुरवाडीला गेलो होतो. परत आल्यावर काकांनी मला बढती दिली. आता स्वयंपाकघरात राउंडला यायची गरज नाही, टेबलावर बसून नुसती सही करायची. परमिटंही बंद झाली. मी खूश. लॉगबुकात आधी मोठमोठ्या नोंदी असायच्या, '६.०५ : खोबरं गायब, उंदीर फरार' वगैरे. आता रोज एकच ओळ : 'उंदीर दिसला नाही.' मी खाली सही ठोकायचो आणि घरी येऊन पुन्हा झोपायचो. मनात म्हणायचो, उंदीर आता पक्का शहाणा झाला. असे चार-पाच महिने गेले.

होळीनंतरच्या आठवड्यात एका पहाटे बेल वाजली नाही. आणि गंमत बघा, बेल न वाजल्याने मला जाग आली. सहा वाजून दहा. समोरच्या घराची एक किल्ली आमच्याकडे असते. आत गेलो तर काका खुर्चीतच, अंगावर शाल, अंग तापाने भाजत होतं. हेल्मेट मांडीवर.

"रात्रीच कणकण आली अंगात," ते म्हणाले. "चार्ज घ्या जाधव. सही करा. राउंड नको."

मी त्यांना पलंगावर नेऊन निजवलं, तापाची गोळी दिली. चहा करायला स्वयंपाकघरात गेलो, तर कोपऱ्यात युनिट. दिवा लुकलुकत नव्हता. मला वाटलं, सेल संपले असतील, म्हाताऱ्याचं हे काम तरी करून टाकू. एवढ्या महिन्यांत मीही बिघडलो होतो. आधी हातमोजे घातले, लाइन जिवंत समजलो आणि मगच झाकण उघडलं.

आत सेल नव्हते. सेलच्या जागेत घडी केलेली लाल पाटी होती. 'माणसे काम करीत आहेत. चालू करू नये.'

मी लॉगबुक घेतलं आणि पहिल्यांदाच मागची पानं उलटून वाचलं. कोजागिरीची नोंद होती. 'सकाळी ६.१०. उंदीर ट्रिप. एकच होता. लहान होता. गच्चीवरच्या मोठ्या कुंडीत पुरला. युनिट बंद केले.' पुढे 'कोणास कळवले' असा रकाना होता, तो कोरा. दुसऱ्या दिवसापासून 'उंदीर दिसला नाही.' खाली माझ्या सह्या, एकाखाली एक.

मी लॉगबुक घेऊन पलंगाशी गेलो. काकांनी माझ्या हातातले मोजे पाहिले आणि सगळं ओळखलं.

"खोटं नाही लिहिलं," ते म्हणाले. "मेलेला उंदीर कसा दिसणार?"

"पण काका, काकूंना का नाही सांगितलं?"

"शब्दाची पक्की हे ती. मेला म्हटलं की त्याच दिवशी बॅग भरेल." त्यांनी शाल वर ओढली. "इथे होती तेव्हा रोज गुडघे, रोज बीपी. तिकडे गेल्यापासून एकदा गुडघ्याचं नाव नाही घेतलं. नात तिच्याशिवाय जेवत नाही. सोनलची नोकरी टिकली. उंदीर आहे म्हणून तिला राहता येतं ना भो. नाहीतर नवऱ्याला टाकून लेकीकडे बसली म्हणून तीच स्वतःला खाईल."

"मग तुम्ही जा तिकडे."

"एक खोली आणि हॉल. हॉलमध्ये जावई कॉम्प्युटरवर काम करतात. बारशाला गेलो तेव्हा चार दिवस राहिलो. पाय कुठे ठेवावा कळेना."

या माणसाची मी सोसायटीभर टिंगल केली होती. मला माझीच लाज वाटली.

तेवढ्यात उशाशी ठेवलेला फोन वाजला. काकू. आज सकाळीच. काकांनी माझ्याकडे बघून मान हलवली. आवाज खोल गेला होता, त्यांना बोलायचं नव्हतं. मी फोन घेतला.

"काका अंघोळीला गेलेत, काकू."

"बरं. छकुलीने आज पहिलं पाऊल टाकलं हो. आत्ता, माझ्या डोळ्यांदेखत. त्यांना सांगा." मागे बाळ खिदळत होतं. मग आवाज जरा खाली आला. "गेला का हो तो?"

काका छताकडे बघत होते.

"नाही काकू," मी म्हणालो. "लय बेरकी आहे. मी स्वतः राउंड घेतो आता."

"बाई गं," काकू म्हणाल्या, पण त्या आवाजात काळजी नव्हती. "मग मी कशी येऊ?"

फोन ठेवला. काकांनी भिंतीकडे तोंड केलं होतं. मी टेबलावर बसून लिहिलं, 'उंदीर दिसला नाही.' खाली सही केली. मग कोजागिरीच्या नोंदीपुढच्या 'कोणास कळवले' या कोऱ्या रकान्यात माझं नाव लिहिलं.

दुसऱ्या दिवशी पाच त्रेपन्नला मी त्यांच्या दाराची बेल वाजवली. काका शाल गुंडाळून दार उघडायला आले. डोक्यावर हेल्मेट होतंच.

"दोन मिनिटं आधी आलात," ते म्हणाले.

"चार्ज घ्यायला आलोय," मी म्हटलं. "तुम्ही खुर्ची सोडा आणि चहाचं बघा."