गुंडीभाऊंची कात्री

पतपेढीचा कॅशियर शिवणकामाच्या दुकानात शिरला आणि थेट कापड कापायच्या टेबलावर चढून उभा राहिला. त्याच्या नव्या पँटचा उजवा पाय बुटावर लोळत होता आणि डावा घोट्याच्या चार बोटं वरच अडकला होता.

"मास्तर, ही पँट आहे की थट्टा?"

मास्तरांनी कपाळावरचा चष्मा नाकावर ओढला. चष्म्याची गरज नव्हती, तो प्रकार रस्त्यावरूनही दिसत होता. "माप देताना तुम्ही जरा तिरके उभे राहिलात का?" त्यांनी आपलं विचारून पाहिलं.

"तिरका? मी खांबासारखा सरळ होतो! पण तुमचा गुंडी माझ्या आईच्या गुडघ्याचं विचारत बसला. उजव्या पायाचं माप घेताना आई ऑपरेशनला आत गेली आणि डाव्या पायाला येईपर्यंत घरी येऊन चालायला लागली. मापाकडे लक्ष कोणाचं असणार?"

"आता कशा आहेत हो त्या?" मागच्या मशीनवरून गुंडीने मनापासून विचारलं.

"बऱ्या आहेत," कॅशियर नकळत बोलून गेला. मग त्याला आपण भांडायला आलोय हे आठवलं. पण तोवर गुंडीने स्टूल पुढे सरकवलं होतं, आणि भांडण बसून नीट करता येत नाही. तासाभराने कॅशियर आईचं पथ्य, बायकोचा स्वभाव आणि साहेबाचा खडूसपणा असं सगळं सांगून मोकळा होऊन गेला. पँट तशीच राहिली.

गुंडी ऐन पंचविशीतला. लहानपणी गुंड्या लावायला दुकानात आला म्हणून नाव गुंडी पडलं. त्याची आई मास्तरांकडे तुरपाई करायची. तिचे डोळे अधू झाले तेव्हा मास्तर बोलून गेले होते, "वहिनी, हे दुकान आहे तोवर तुमच्या पोराची मशीन आहे." शब्द दिला तो दिला. पोरगा सोन्यासारखा होता हो. चोरी नाही, खोटं नाही, व्यसन नाही. फक्त त्याच्या हातून बाही बगलेत जायची आणि कॉलर पाठीवर यायची.

मास्तरांच्या हाताला मात्र तोड नव्हती. त्यांनी शिवलेला कोट बापाने घातला की पुढे मुलाने घालावा, असं काम. आणि गिऱ्हाईक यायचं तेही आपल्या कात्रीमुळेच, याबद्दल मास्तरांना तिळमात्र शंका नव्हती.

"अहो, याला कुठेतरी चिकटवा," त्यांची बायको म्हणाली. "नाहीतर एक दिवस हा तुमच्या दुकानाचीच बाही उसवेल."

"कुठे चिकटवू? हाकलता येत नाही, ठेवता येत नाही. आणि दुसरीकडे शिवायला पाठवला तर तो दुकानदार मला कोर्टात खेचेल."

तेवढ्यात वॉर्डाची निवडणूक लागली आणि मास्तरांच्या डोक्यात वीज चमकली. निवडून आला तर पोरगा मानाने जाईल. पडला तरी निदान प्रचार संपेपर्यंत कात्रीला हात लावणार नाही. दोन्ही बाजूंनी फायदाच. त्यांनी गुंडीला जवळ बसवून म्हटलं, "तू उभा राहा. लोकांसाठी काहीतरी कर."

गुंडीचे डोळे भरून आले. "मास्तर, माझ्यावर एवढा विश्वास?"

मास्तरांनी उगाचच सुईत दोरा ओवायला घेतला.

समोर उमेदवार होते वकीलसाहेब. दोन पदव्या, तीन भाषा आणि आवाज असा की माइक लाजावा. शाळेच्या मैदानातल्या सभेत त्यांनी पहिल्याच झटक्यात वर्मावर बोट ठेवलं. "मंडळी, कारभार म्हणजे पोरखेळ नाही. त्याला अभ्यास लागतो. ज्या मुलाला पँटचे दोन पाय सारखे करता येत नाहीत, तो वॉर्डाचे रस्ते काय सरळ करणार?"

टाळ्या कडाडल्या. गुंडी उठला, हात जोडून म्हणाला, "वकीलसाहेब बरोबर बोलतायत. त्यांनी घातलीय ती पँट मीच शिवलीय."

सगळं मैदान वकीलसाहेबांच्या पायांकडे पाहू लागलं. वकीलसाहेब पटकन टेबलामागे सरकले. हशा काही केल्या थांबेना. तेव्हा पुढच्या रांगेतून शाळेच्या निवृत्त हेडबाई उठल्या. त्या उठल्या की अजूनही सगळा वॉर्ड गप्प बसायचा.

"हसण्यावारी नेऊ नका. मास्तर, हा तुमच्या हाताखाली वाढला. तुम्ही सांगा, हा लायक आहे का?"

मास्तरांच्या तोंडचं पाणी पळालं. उभं आयुष्य ज्यांची मापं घेतली ती सगळी माणसं आता त्यांच्याकडे बघत होती. 'होय' म्हणावं तर मन खाणार, 'नाही' म्हणावं तर पोरगा उद्यापासून परत मशीनवर. ते घसा खाकरून म्हणाले, "पोराने कधी कोणाचं वीतभर कापड लपवलं नाही. कधी कोणाशी खोटं बोलला नाही."

"आणि शिवण?" मागून कोणीतरी ओरडलं.

"शिवण हा... शिवण हा स्वतंत्र विषय आहे." लोक पुन्हा हसायला लागले, तसा मास्तरांना चेव चढला. "आमच्या दुकानाची रीत तुम्हाला ठाऊक आहे. माल बिघडला तर दुरुस्ती फुकट! हा बिघडला तर जबाबदार मी. माझ्या दुकानाची पाटी उतरवून ठेवीन!"

बोलून बसले खरे, पण घरी जाताना ते दुकानावरून गेले आणि पाटीखाली थांबले. "कशाला हो जीभ टाळ्याला लावलीत?" बायकोने विचारलं. पाटीवर त्यांच्या वडिलांचं नाव होतं.

निकाल लागला आणि गुंडी धो धो मतांनी निवडून आला. वकीलसाहेबांच्या गल्लीतसुद्धा पुढे. मास्तरांनी सुटकेचा निःश्वास टाकला, पण अर्धाच टाकून झाला होता. कारण गुंडीभाऊ, आता भाऊच म्हणायला हवं, दुकानासमोर खुर्चीवर चढून बोलायला लागले.

"तुमचे उपकार मी कसे फेडू? माझ्याजवळ आहे काय? दोन हात. म्हणून मी आज शब्द देतो, की मी माझा धंदा सोडणार नाही! वॉर्डातल्या प्रत्येक घराला एक कपडा, माझ्या हातचा, अगदी फुकट!"

वाजणाऱ्या टाळ्या हवेतच थांबल्या. कोणाचं तरी पोर तेवढं टाळ्या वाजवत राहिलं, त्यालाही त्याच्या आईने आवरलं.

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता मास्तरांच्या दारात शिष्टमंडळ हजर. पुढे कॅशियर, मागे दवाखान्यातले डॉक्टर, त्यांच्या मागे हेडबाई.

"मास्तर, आमची ही अशी फसवणूक?" कॅशियर कळवळून म्हणाला. "आम्ही मतं कशासाठी दिली? त्याच्या हातातली कात्री सुटावी म्हणून!"

"तुम्हीसुद्धा?" मास्तरांच्या तोंडून निघून गेलं.

"म्हणजे?" हेडबाईंनी चष्म्यावरून पाहिलं.

मास्तरांनी मान खाली घातली. हेडबाई हळूच म्हणाल्या, "माझ्या ब्लाउजचं कापड कालच घेऊन गेला हो तो. 'बाई, पहिला मान तुमचा,' म्हणाला. नाही म्हणवेना."

"माझ्या मुलीचं लग्न आहे," डॉक्टर म्हणाले, "माझ्या सुटाचं कापड..."

"तोंडावर सांगा ना त्याला," मास्तर म्हणाले.

"तुम्ही सांगा. तुमचा माणूस आहे."

तोंडावर सांगायची छाती कोणालाच झाली नाही. मास्तरांनी मशीनचा पट्टा काढून लपवला, तर गुंडीभाऊंनी नवा आणून बसवला. कात्री कपाटात कुलूपबंद केली, तर आईची जुनी कात्री आली. शेवटी मास्तरांना एकच इलाज सुचला. त्यांनी शिष्टमंडळाला परत बोलावलं. "त्याला वॉर्ड ऑफिसात इतका गुंतवा की मशीनवर बसायला सवडच मिळता कामा नये. रोज जा. तक्रारी करा."

"कसल्या तक्रारी?"

"अहो, वॉर्डात राहता आणि तक्रार शोधावी लागते?"

ठरल्याप्रमाणे कॅशियर पहिला गेला आणि तुंबलेल्या गटाराचं सांगून आला. तीन नगरसेवक होऊन गेले तरी ते गटार हललं नव्हतं, त्यामुळे गुंडीभाऊ वर्षभर तरी अडकून पडतील असा त्याचा हिशेब. गुंडीभाऊ उठले आणि इंजिनियरच्या टेबलासमोर जाऊन बसले. गटाराचं काही बोलले नाहीत. "साहेब, चेहरा उतरलाय. घरी सगळं ठीक ना?" एवढंच विचारलं. इंजिनियरला असं कोणी कधी विचारलं नव्हतं. सासऱ्याचं आजारपण, मुलाचं नापास होणं, सगळं दुपारपर्यंत बाहेर आलं. गुंडीभाऊ दुसऱ्या दिवशी सासऱ्यांची चौकशी करायला पुन्हा गेले. तिसऱ्या दिवशी इंजिनियर स्वतःच गटारापाशी येऊन उभा राहिला.

मग हेडबाईंनी शाळेच्या मुलींच्या संडासाला कडी नसल्याचं सांगितलं. कडी बसली. डॉक्टरांनी दवाखान्यासमोरच्या बंद दिव्याचं सांगितलं. दिवा लागला, शेजारचाही लागला. आता त्यांना नुसतं गुंतवायला गेलेली माणसं मनापासून तक्रारी आठवून आठवून नेऊ लागली. कपड्यांची कापडं कपाटात घडी करून पडून राहिली. डॉक्टरांनी गुपचूप आपलं कापड परत मिळवलं आणि मास्तरांकडून सूट शिवून घेतला. वॉर्ड वाचला! मास्तरांच्या वडिलांची पाटीही जागेवर राहिली. मास्तरांनी तिला नवा रंग दिला.

आणि रंग वाळेपर्यंत त्यांच्या लक्षात आलं की पाटीखालून कोणी आतच येत नाही.

डॉक्टरांच्या सुटानंतर टेबलावर काम नव्हतं. मास्तर खडूला टोक काढत बसायचे, कात्रीला धार लावायचे, रस्त्याकडे बघायचे. कॅशियर समोरून जाताना दिसला. अंगावर तयार पँट, बाजारातून घेतलेली.

"अहो, या ना! माप देऊन जा," मास्तरांनी हाक मारली.

"पुन्हा कधीतरी मास्तर. गुंडीभाऊंकडे चाललोय. आईचं जरा बोलायचंय."

जो तो तिकडेच. दुकानात आता कोणाची सासू भांडत नव्हती, कोणाचा मुलगा पळून जात नव्हता, कोणाचं दुखणं बरं होत नव्हतं. मशीन थांबली की घड्याळाची टिकटिक ऐकू यायची. मास्तरांना जेवणात चव लागेना.

"लोक तुमच्या कात्रीसाठी येत होते ना?" बायकोने वाढता वाढता विचारलं. तिला टोचायचं नव्हतं, पण टोचलं.

मास्तर ताटावरून उठले. चप्पल घालून तडक वॉर्ड ऑफिसात गेले. बाहेर रांग लागली होती. रांगेत वकीलसाहेब पाहून ते चकित झाले.

"तुम्ही इथे?"

"घरासमोर पाणी तुंबतंय हो," वकीलसाहेब ओशाळून म्हणाले. "पाण्याला पदव्या दाखवून झाल्या."

मास्तरांना पाहताच गुंडीभाऊ खुर्चीतून धडपडत उठले आणि त्यांना हाताला धरून सगळ्यांच्या आधी आत घेऊन गेले. मास्तरांनी वाटेत नीट जुळवून आणलेली वाक्यं तिथे विस्कटली. "गुंडी, मला एक सांगायचंय. मी तुला उभा केला तो लोकांच्या भल्यासाठी नाही रे. दुकानातून घालवायला केला."

"ठाऊक आहे मास्तर."

"ठाऊक आहे?"

"प्रचाराला गेलो तेव्हा दारामागची कुजबुज ऐकली, 'मत देऊ त्याला, म्हणजे कात्री तरी सुटेल.' तुमच्याही मनात तेच असणार, हे कळलं."

"अरे, मग ते फुकट शिवायचं खूळ कशाला काढलंस? आमच्या जिवाला घोर लावलास!"

गुंडीभाऊ कानामागे खाजवत जरा लाजले. "भीती वाटली मास्तर. आधीच्या नगरसेवकांकडे निवडून आल्यावर कोणी फिरकायचं नाही, मी बघत होतो. म्हटलं, मी तर न शिकलेला, माझ्याकडे कोण येणार? आणि लोक आलेच नाहीत तर मला त्यांचं काय कळणार? तुम्ही शिवलेला कोट नेला की माणूस पुन्हा वर्षानुवर्षं दिसायचा नाही. मी शिवलेला नेला की चार दिवसांत परत हजर. म्हटलं, घरटी एक कपडा बिघडवला की सगळा वॉर्ड आपोआप येईल."

मास्तर आ वासून बघत राहिले. मग त्यांना हसू फुटलं ते थांबेचना. हसता हसता डोळ्यांतून पाणी आलं, आणि ते पुसावं असंही त्यांना वाटेना. केवढ्या माणसांनी त्या स्टुलावर बसून आपली दुःखं हलकी केली होती, आणि आपण इतकी वर्षं पाठ फिरवून नुसती शिलाई मोजत बसलो! ह्या पोरामुळे आपलं दुकान भरलं होतं, आणि घालवायला म्हणून टाकलेल्या पावलाने सगळ्या वॉर्डाचं भलं झालं होतं. त्यांना कोणाचे पाय धरावेत ते कळेना.

"मास्तर, बसा, पाणी घ्या," गुंडीभाऊ घाबरून म्हणाले. "तुमची तक्रार राहिलीच. सांगा, काय करू?"

"तक्रार नाही रे बाळा. आभार मानायला आलोय."

गुंडीभाऊ गोंधळून गेले. असं काम त्या टेबलावर अजून कोणी आणलं नव्हतं. ते काही बोलणार तोच दारातून कॅशियरने मान आत घातली.

"मास्तर, नुसते आभारच असतील तर मागे या बरं. ही तक्रारींची रांग आहे."

"बरोबर आहे तुमचं," मास्तर म्हणाले आणि खरोखरच बाहेर जाऊन, वकीलसाहेबांच्याही मागे, रांगेच्या अगदी शेवटी उभे राहिले.